‘लिनक्सला हार्डवेअर ओळखता येत नाही’: एका समजाचे खंडन

संगणक दुरुस्तीच्या दुकानात लिनक्सचे नाव काढले की एक निकाल ठरलेला असतो. “चांगलं आहे हो, पण त्याला ड्रायव्हर मिळत नाहीत. वायफाय उचलत नाही, साऊंड येत नाही. विंडोज मारून घ्या.” हा निकाल एकट्या दुकानदाराचा नाही. संगणक शिकवणारे, कार्यालयासाठी संगणक खरेदी करणारे आणि तंत्रज्ञानावर सदरे लिहिणारेही तो आपापल्या भाषेत देतात. त्याचे सभ्य रूप असे असते: मुक्तस्रोत प्रणाली हौशी लोकांनी मिळून बांधलेली आहे, ती सर्व्हरवर उत्तम चालते, पण समोर येईल ते हार्डवेअर आपोआप ओळखणे आणि त्याला योग्य ड्रायव्हर लावणे हे पैसा, शिस्त आणि एकहाती मालकी मागणारे काम आहे, ते व्यापारी कंपनीलाच जमते.

मला हे म्हणणे मुळातून चुकीचे वाटते. हार्डवेअर ओळखणे आणि ड्रायव्हर चढवणे ही लिनक्सची सर्वांत भक्कम बाजू आहे. जिथे ती अपुरी पडलेली दिसते तिथे बहुतेक वेळा ओळख पूर्ण झालेली असते आणि गाडी त्यापुढच्या टप्प्यावर अडलेली असते. तो टप्पा माहितीचा आणि परवान्याचा आहे. त्याची किल्ली प्रणाली लिहिणाऱ्यांच्या हातात नसते.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. त्याचे आधार तीन. पहिला अनुभवाचा: लिनक्स टाकल्यावर लॅपटॉपचे वायफाय चालू झाले नाही, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. दुसरा बाजाराचा: वस्तू बनवणारी कंपनी आधी विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिते, लिनक्सचा विचार मागून करते किंवा करतच नाही. तिसरा रचनेचा: लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आपली आतली जोडणी सतत बदलत असतो, त्यामुळे बाहेर लिहिलेला ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत मोडतो. तिन्ही आधारांत तथ्य आहे. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. तो का टिकत नाही हे कळण्यासाठी यंत्रणेच्या पोटात शिरावे लागेल.

पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक कार्डात २५६ बाइटांची एक जागा राखून ठेवलेली असते. पीसीआय एक्सप्रेसमध्ये ती ४०९६ बाइटांपर्यंत वाढली. त्या जागेतल्या पहिल्या दोन बाइटांत बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो, पुढच्या दोन बाइटांत त्या वस्तूचा. कंपन्यांचे क्रमांक पीसीआयची मानके सांभाळणारी संस्था नेमून देते. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचेही तेच नाव. संगणक सुरू होताना कर्नल एकेका संभाव्य जागी जाऊन हे आकडे वाचतो. जागा रिकामी असेल तर सगळे बिट एक असलेला आकडा परत येतो आणि तिथे काही नाही हे कळते. यूएसबीतही हीच कल्पना आहे: वस्तू खोचताच संगणक तिच्याकडे वर्णनपत्र मागतो, आणि त्यात कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि वस्तूचा वर्ग या गोष्टी येतात.

या आकड्यांवरून कर्नल एक ओळ तयार करतो. तिला ‘मॉडअलायस’ म्हणतात. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक ड्रायव्हरच्या सोर्समध्ये तो कोणकोणत्या क्रमांकांच्या वस्तू चालवतो याचा तक्ता लिहिलेला असतो. ‘डेपमॉड’ नावाचा प्रोग्रॅम सगळ्या ड्रायव्हरांचे तक्ते गोळा करून त्यांची एक मोठी यादी बनवतो. नवी वस्तू दिसली की कर्नल निरोप पाठवतो, ‘यूडेव्ह’ हा प्रोग्रॅम तो निरोप घेतो, ती ओळ यादीशी ताडून पाहिली जाते आणि जुळलेल्या ड्रायव्हरचे मॉड्यूल चढते. मग ड्रायव्हर वस्तूशी प्रत्यक्ष बोलून खात्री करतो आणि तिचा ताबा घेतो. यूडेव्ह सुरू होण्याआधी ज्या वस्तू सापडल्या त्यांचे निरोप मागाहून पुन्हा पाठवले जातात. त्यामुळे मदरबोर्डवर कायमचे बसवलेले साऊंड कार्ड आणि आत्ता खोचलेला पेनड्राइव्ह एकाच वाटेने जातात.

या वाटेवर अंदाज बांधावा लागत नाही. वस्तू आपला क्रमांक सांगते, यंत्रणा यादीत तो शोधते. नव्या गावात आलेला पोस्टमन माणसे चेहऱ्याने ओळखत नाही, दारावरची पाटी वाचतो, तसेच हे. विंडोजही हेच करते. तिच्या ड्रायव्हरांसोबत येणाऱ्या माहितीच्या फायलींत हेच कंपनी-क्रमांक आणि हेच वस्तू-क्रमांक असतात. दोन्ही प्रणाली एकच पाटी वाचत असतील तर एकीला वाचता येते आणि दुसरीला येत नाही, असे म्हणायला आधार उरत नाही. फरक पडतो तो यादीत नाव आहे की नाही आणि नाव सापडल्यावर पुढचे साहित्य हाताशी आहे की नाही, यात.

यादीची गोष्टही गृहीत धरली जाते तितकी लिनक्सच्या विरोधात नाही. कर्नलच्या सोर्समधला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचाच आहे, आणि तो लिनक्सच्या प्रत्येक तयार संचासोबत, म्हणजे वितरणासोबत, आधीच संगणकावर येतो. शिवाय पुष्कळ वस्तूंना स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माउस, यूएसबी हेडफोन, वेबकॅम यांचे ठरावीक वर्ग आहेत आणि यादीत वर्गावरूनही जुळणी होते. २००८ साली वेबकॅमच्या वर्गाचा एक ड्रायव्हर कर्नलच्या २.६.२६ या आवृत्तीत आला, आणि ते मानक पाळणारे वेबकॅम, मग ते कोणत्याही कंपनीचे असोत, त्या एका ड्रायव्हरवर चालू लागले. काल बाजारात आलेल्या, नाव न ऐकलेल्या कंपनीचा पेनड्राइव्ह लिनक्सवर सीडीशिवाय उघडतो तो याच कारणाने.

हे सगळे पहिल्यापासून असे सोपे होते का? मुळीच नव्हते. लिनस टोरव्हाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या प्रणालीची घोषणा केली तेव्हा ती एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही बहुधा कधीच चालवणार नाही, असे त्यानेच लिहिले होते. कारण त्याच्याकडे तेवढेच होते. त्या काळच्या आयएसए कार्डांवर पाटीच नसे. साऊंड कार्ड कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या इंटरप्टवर आहे हे जंपर बदलून ठरवायचे आणि प्रणालीला हाताने सांगायचे. साऊंड ब्लास्टरसाठी पत्ता २२० आणि इंटरप्ट ५ हे आकडे त्या पिढीला पाठ होते. न सांगता शोधायला जावे तर चुकीच्या पत्त्यावर टकटक केल्याने दुसरेच कार्ड बिघडून संगणक गोठण्याचा धोका. म्हणून ठरावीक पत्त्यांना हात लावू नकोस असे कर्नलला बजावण्याची सोयही ठेवावी लागली होती. ही अडचण सर्वांचीच होती. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समक्ष विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवताना पडदा निळा पडला, हे तर जगाने पाहिले.

लिनक्समध्ये ही अडचण टप्प्याटप्प्याने सुटली. १९९९ च्या २.२ या आवृत्तीत गरज पडेल तेव्हा मॉड्यूल मागवण्याचे काम कर्नलनेच हाती घेतले. २००१ च्या २.४ बरोबर चालू संगणकात वस्तू जोडण्याची सोय आली. त्याच सुमारास जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स ही सीडीवरूनच चालणारी प्रणाली तयार केली. ती कोणत्याही संगणकात घातली की स्क्रीन, साऊंड, नेटवर्क धुंडाळून स्वतः उभी राहायची. हार्ड डिस्कवर काही टाकावे लागत नसे. डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये सर्व वस्तूंचा एकच वृक्ष मांडणारी नवी रचना आली आणि ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी सुरू केलेल्या यूडेव्हने जुन्या स्क्रिप्टांची गर्दी हळूहळू हटवली. पाटी असलेल्या वस्तूंच्या ओळखीचा प्रश्न तांत्रिक अर्थाने तेव्हाच सुटला. त्यानंतरची कामे डागडुजीची आहेत.

मग दुकानदाराचा अनुभव आला कुठून? आपल्याकडे या समजाची मुळे डायल-अपच्या काळात सापडतात. विदेश संचार निगमने ऑगस्ट १९९५ मध्ये सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्या काही वर्षांत घरोघरी जे स्वस्त संगणक आले त्यांत आत बसवलेला मोडेम असे, आणि तो बहुधा ‘विनमोडेम’ असे. खऱ्या मोडेममध्ये ध्वनीचे आकडे आणि आकड्यांचा ध्वनी करणारी चिप असते. विनमोडेममध्ये ती काढून टाकून तिचे काम संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवलेले होते, आणि ते करणारा प्रोग्रॅम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये बंद होता. म्हणजे ग्राहकाने विकत घेतलेला मोडेम निम्मा कार्डात होता आणि निम्मा फ्लॉपीवर किंवा सीडीवर. लिनक्स त्या कार्डाचा क्रमांक अचूक वाचत असे. पण वाचून करायचे काय? उरलेला मोडेम द्यायला कंपनी तयार नव्हती. इंटरनेटशिवाय लिनक्स म्हणजे माहेरची वाट तुटलेली प्रणाली. मदत शोधायची तर तीही नेटवरच होती.

याच मोडेमांची पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. कोनेक्सान्ट कंपनीच्या चिपसाठी लिनक्सअँट नावाच्या कॅनेडियन कंपनीने परवाना घेऊन लिनक्सचा ड्रायव्हर काढला. तो फुकट घेतला तर वेग सेकंदाला १४.४ किलोबिट, पैसे भरले की पूर्ण ५६. कार्ड तेच, कर्नल तोच, ड्रायव्हरही तोच. वेगातला फरक पावतीने पडत होता. ‘लिनक्सला मोडेम ओळखता येत नाही’ या वाक्याचे यापेक्षा स्वच्छ खंडन दुसरे कोणते असेल?

दुसरा पुरावा ताजा आहे आणि तो वायफायचा आहे. आजच्या वायफाय चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, आणि त्यासाठीचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, संगणकाने दर वेळी चिपमध्ये भरावा लागतो. ही फाइल कंपनीची असते आणि तिचा सोर्स मिळत नाही. डेबियन या वितरणाने मुक्ततेच्या तत्त्वाला धरून २०११ च्या सहाव्या आवृत्तीत अशी फर्मवेअर कर्नलमधून पूर्णपणे बाहेर काढली. परिणाम असा झाला की डेबियन टाकायला घेतले की मध्येच सूचना येई: तुमच्या हार्डवेअरला अमुक नावाची फाइल लागते, ती पेनड्राइव्हवर आणून द्या. वापरणारा वैतागून म्हणे, वायफाय ओळखत नाही. प्रत्यक्षात यंत्रणेने चिप ओळखली होती, ड्रायव्हर निवडला होता आणि हव्या असलेल्या फाइलचे नाव आवृत्तीसकट सांगितले होते. याहून जास्त ओळख काय असते? ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून आपल्या सामाजिक करारात दुरुस्ती केली आणि अमुक्त फर्मवेअर अधिकृत सीडीत घ्यायचे ठरवले. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत तेच लॅपटॉप विनातक्रार चालू लागले. हा बदल ओळखीच्या यंत्रणेत सुधारणा होऊन झाला नाही, तो मतपेटीतून झाला. एखादा ‘तांत्रिक दोष’ मतदानाने नाहीसा होत असेल तर तो दोष तांत्रिक नव्हता, हे मान्य करायला हवे.

माहिती मिळाली तर काय होते आणि नाही मिळाली तर काय होते, याचे उदाहरण ग्राफिक कार्डांत आहे. एएमडीने २००७ मध्ये आपल्या ग्राफिक चिपची तांत्रिक कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली, पुढे स्वतःचे अभियंते कर्नलच्या कामाला लावले. आज त्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. वेगळे काही टाकावे लागत नाही. एनव्हिडियाने ते केले नाही. नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर लोकांनी चिपचे वागणे बाहेरून निरखून लिहिला आणि २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. पण २०१४ च्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिप कंपनीची सही असलेलेच फर्मवेअर स्वीकारू लागल्या. त्यामुळे नूवोला कार्ड ओळखता येई, चित्र दाखवता येई, पण चिपचा वेग वाढवता येत नसे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला तेव्हा चित्र बदलू लागले. दोन कंपन्या, एकच कर्नल, एकच ओळखयंत्रणा. निकाल मात्र दोन. कारण शोधायचे तर जिथे फरक आहे तिथेच शोधावे लागते, आणि फरक कंपन्यांच्या धोरणात आहे.

ब्रॉडकॉमच्या वायफायची कथा माणसांच्या चिकाटीची आहे. कंपनी कागदपत्रे देईना, तेव्हा लोकांच्या एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने तो बंद कोड न पाहता फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून कामाची ही वाटणी. तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच एक खुला ड्रायव्हर दिला. मधली वर्षे लिनक्सच्या खाती ‘वायफाय उचलत नाही’ अशी जमा झाली.

आता तिसऱ्या आधाराकडे, म्हणजे सतत बदलणाऱ्या आतल्या जोडणीकडे वळू. हा पूर्वपक्षाचा सर्वांत विचारी मुद्दा आहे. त्याचे म्हणणे असे: लिनक्सने ड्रायव्हरसाठी एक कायमची जोडणी ठरवून दिली तर कंपन्या विंडोजप्रमाणेच आपापले ड्रायव्हर लिहून देतील आणि वाद मिटेल. क्रोह-हार्टमन यांनी या मागणीला विरोध करणारे टिपण लिहिले, ते कर्नलच्या सोर्ससोबतच मिळते. त्यातला विचार असा की ड्रायव्हर कर्नलच्या घरात असला तर जोडणी बदलणाराच तो ड्रायव्हरही बदलून देतो. कायमच्या जोडणीची गरज घराबाहेर राहणाऱ्यालाच असते. हा विचार हट्टीपणाचा वाटतो, पण त्याचे फळ स्वयंचलित ओळखीच्या मुळाशी आहे. ड्रायव्हर एका घरात आहेत म्हणूनच त्यांचे तक्ते एका यादीत येतात, आणि यादी पूर्ण आहे म्हणूनच पेनड्राइव्ह खोचल्यावर कुठे शोधाशोध करावी लागत नाही. ज्या वैशिष्ट्याला टीकाकार दोष समजतात त्यावरच ही यंत्रणा उभी आहे.

कायमच्या जोडणीचा प्रयोग कुठे झालाच नाही असेही नाही. अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल असतो, पण चिपचे ड्रायव्हर पुष्कळदा कंपन्यांच्या खासगी शाखेत राहतात. परिणाम सर्वांना ठाऊक आहे: दोन-तीन वर्षांनी फोन धडधाकट असतो आणि नवी आवृत्ती येणे थांबते. गूगलने २०१७ मध्ये चिपचे ड्रायव्हर उरलेल्या प्रणालीपासून वेगळे ठेवणारी ‘ट्रेबल’ ही रचना आणली, पुढे एकसमान कर्नलची योजना आणून मॉड्यूलसाठी स्थिर जोडणीही दिली. पूर्वपक्ष म्हणेल, बघा, शेवटी गूगललाही ती लागलीच. खरे आहे; पण ही स्थिरता कर्नलच्या एकेका दीर्घकालीन शाखेपुरतीच असते. कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा जुळवावे लागतात. आजार हलका झाला, बरा झाला नाही. त्याच वेळी मूळ घरात असलेला दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आजच्या कर्नलवर चालतो.

काळाची ही कसोटी विंडोजला लावून पाहा. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा एक्सपीवर चालणाऱ्या कित्येक प्रिंटर आणि स्कॅनरांचे ड्रायव्हर निरुपयोगी झाले. ६४ बिटांच्या आवृत्तीत तर सही नसलेला ड्रायव्हर चालेनाच. नवा ड्रायव्हर लिहायचा की ग्राहकाला नवा स्कॅनर विकायचा, हे ठरवणे कंपनीच्या हातात होते, आणि ती काय ठरवणार हे सांगायला ज्योतिषी नको. यातले बरेच स्कॅनर लिनक्सवर १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘सेन’ या मुक्त संचामुळे आजही चालतात. ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ ही तक्रार नव्या वस्तूच्या पहिल्या वर्षात लिनक्सला लागू पडते. वस्तू जुनी झाली की तीच तक्रार विंडोजकडे सरकते. जुने संगणक वर्षानुवर्षे वापरणाऱ्या आपल्या शाळा आणि कचेऱ्यांनी यातली कोणती बाजू महत्त्वाची मानावी?

यादीची मालकी कोणाकडे असते यावर किती अवलंबून असते, हे २०१४ च्या एका प्रकरणाने उघडे पडले. स्कॉटलंडमधली एफटीडीआय ही कंपनी यूएसबीला सिरीयल पोर्ट जोडणारी चिप बनवते. तिच्या नकली चिप बाजारात पसरल्या होत्या, आणि त्या आपला क्रमांक म्हणून तिचाच क्रमांक सांगत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून गेलेला कंपनीचा नवा ड्रायव्हर नकली चिप सापडली की तिच्यातला वस्तू-क्रमांक पुसून शून्य करू लागला. पाटी कोरी झाली आणि ती चिप विंडोजवरच काय, कुठेच ओळखली जाईना. आपल्या उपकरणात नकली चिप आहे हे ज्यांच्या गावीही नव्हते अशांची उपकरणे मेली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्समध्ये यावर उपाय काय झाला? शून्य क्रमांकाची वस्तूही याच ड्रायव्हरने चालवावी, अशी नोंद तक्त्यात घातली गेली. चिप पुन्हा चालू लागल्या. नकलीचे समर्थन मला करायचे नाही. कंपनीची तक्रार रास्त होती. पण ग्राहकाच्या टेबलावरच्या वस्तूची ओळख पुसण्याचा अधिकार एका यादीत कंपनीकडे होता, आणि दुसऱ्या यादीत कोणालाही दुरुस्ती सुचवता येत होती, हा फरक नजरेआड करता येत नाही.

इथवर वाचून लिनक्सचे भक्त खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. ‘लिनक्समध्ये सगळे आपोआप चालते’ हे वाक्यही खंडनाला तितकेच पात्र आहे. ज्या वस्तूंवर पाटीच नसते त्यांच्यापुढे ही यंत्रणाही हतबल असते. मोबाइल आणि छोट्या बोर्डांवरच्या एआरएम चिपच्या आत टायमर, जीपीआयओ, आयटूसीवर लटकवलेले सेन्सर असे कितीतरी भाग असतात आणि विचारल्याशिवाय सोडा, विचारूनही ते नाव सांगत नाहीत. एके काळी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्या सोर्समध्येच कोंबली जात होती. २०११ मध्ये टोरव्हाल्ड्सने त्यावर जाहीर संताप व्यक्त केला, आणि मग ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत एआरएमवर रुजली: बोर्डावर काय कुठे आहे याचा लेखी नकाशा कर्नलला सुरुवातीलाच द्यायचा. पीसीवर हेच काम मदरबोर्डसोबत येणारे एसीपीआयचे तक्ते करतात. नकाशा माणसाने लिहिलेला असतो, तो चुकला की वस्तू दिसत नाही. लॅपटॉपचा टचपॅड अडतो तो पुष्कळदा इथे. कंपनीने तक्ता विंडोजपुरताच तपासून सोडलेला असतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवणारी यंत्रणा खोट्या नावालाही फसते. २०१४ च्या ब्लॅकहॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवून दिले की पेनड्राइव्हचे फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्ड म्हणवून घेता येते. संगणक निमूटपणे कीबोर्डचा ड्रायव्हर लावतो आणि ‘कीबोर्ड’ आज्ञा टंकू लागतो. हा धोका विंडोज आणि मॅकलाही आहे. लिनक्सवर नव्या यूएसबी वस्तूंना परवानगीशिवाय आत न घेण्याची सोय कर्नलमध्ये आहे आणि यूएसबीगार्डसारखी साधने ती वापरतात. पण वितरणे ती सहसा बंद ठेवतात, कारण सोयीला लोक सुरक्षेहून जास्त भाव देतात. आपोआप चढणारे मॉड्यूल म्हणजे आपोआप उघडणारे दार, हे भक्तांनीही ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट तत्त्वाची. फर्मवेअर बंद ठेवून ड्रायव्हर खुला केला की काम भागते, पण मुक्तता अर्धीच राहते. डेबियनच्या निर्णयाने वायफाय चालू झाले, आणि त्याबरोबर न वाचता येणारा प्रोग्रॅम अधिकृतपणे आत आला. हा व्यवहारी समझोता होता. त्याला विजय म्हणणे अतिशयोक्ती ठरेल.

या मर्यादा मान्य करूनही मूळ समज उभा राहत नाही. त्याने तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या आहेत: वस्तूने आपले नाव सांगणे, प्रणालीने त्या नावाचा ड्रायव्हर शोधणे आणि ड्रायव्हरला लागणारी माहिती व फर्मवेअर उपलब्ध असणे. पहिली गोष्ट वस्तू बनवणाऱ्याची. दुसरी प्रणालीची, आणि ती लिनक्स चोख बजावते. तिसरी पुन्हा बनवणाऱ्याची. तीनपैकी दोन जबाबदाऱ्या ज्याच्या, त्याला सोडून मधल्याला दोष देण्याची ही सवय आहे. तिचा एक तोटा असा की कंपनीवर दबाव येत नाही; ग्राहक ‘लिनक्सच वाईट’ म्हणत विंडोजकडे परततो आणि कागदपत्रे दडवणाऱ्याला काहीच सोसावे लागत नाही.

म्हणून वायफाय चालले नाही तर निकाल देण्याआधी दोन आज्ञा चालवून पाहाव्यात. ‘एलएसपीसीआय’ला के हा पर्याय दिला की कार्डाचे नाव आणि त्याला लागलेला ड्रायव्हर दिसतो, ‘डीमेसेज’मध्ये कर्नलने काय मागितले आणि काय मिळाले नाही हे दिसते. नाव आहे, ड्रायव्हर आहे आणि फर्मवेअरची फाइल नाही, असे दिसले तर वितरणाच्या भांडारातून ती घेता येते. नाव आहे पण ड्रायव्हर नाही, असे दिसले तर कर्नल जुना आहे की कंपनीने माहितीच दिलेली नाही, ते तपासावे. हे काम काही मिनिटांचे आहे आणि दुकानातल्या कारागिराला ते सहज शिकता येईल.

मोठा उपाय मात्र खरेदीच्या टेबलावर आहे. शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्या शेकड्यांनी संगणक आणि प्रिंटर घेतात. त्यांच्या निविदांत दोन अटी पुरेशा आहेत: वस्तूचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये किंवा मुक्त संचात असावा, आणि फर्मवेअर लागत असेल तर ते कोणालाही पुन्हा वाटता येईल अशा परवान्याचे असावे. वायफाय, प्रिंटर आणि स्कॅनर या तिन्हींत या अटींत बसणाऱ्या वस्तू बाजारात आजच मिळतात, त्यामुळे खर्च वाढण्याची सबब चालणार नाही. कागदपत्रे न देणाऱ्या कंपनीला निविदा हातची गेल्यावर जे उमगेल, ते कर्नल लिहिणाऱ्यांनी तीस वर्षे विनवण्या करूनही तिला उमगलेले नाही.